दंतधागा

दंतधागा (फ्लॉस) हा दोन दातांमधील फट साफ करण्यासाठी वापरला जाणारा बारीक, बहुधा नायलॉनचा धागा होय. ब्रशचे केस या फटीत पुरते पोहोचत नाहीत. तेथे साचणाऱ्या जिवाणूंच्या चिकट थराने हिरड्या सुजतात व दात घासताना रक्त येते. रक्ताला भिऊन घासणे सोडल्यास सूज वाढतेच. थर कठीण होऊन त्याचे कीटण झाले, की ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते.

कॉक्रेन संस्थेच्या २०१९ सालच्या आढाव्यात फटी साफ करणाऱ्या साधनांवरील ३५ चाचण्या होत्या. ब्रशच्या जोडीला धागा वापरल्यास हिरड्यांचा दाह कमी होऊ शकतो, असे त्यात आढळले. पुरावा मात्र दुबळा होता आणि फटींतील किडीवरचा परिणाम या चाचण्यांनी मोजलाच नव्हता.

परभणी जिल्ह्यासह मराठवाड्याच्या ग्रामीण भागात धाग्याहून मोठा प्रश्न मिश्रीचा आहे. भाजलेल्या तंबाखूची ही पूड विशेषतः स्त्रिया दात-हिरड्यांना चोळतात. तिने दात स्वच्छ होतात हा समज निराधार आहे: तंबाखूने हिरड्यांची हानी होते व तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. मिश्री चालूच राहिली, तर धाग्याचा उपयोग थोडाच. तिची सवय सुटणे अवघड जाते, कारण तंबाखूतील निकोटीन तोंडाच्या अस्तरातून थेट रक्तात शोषले जाते.