मगनवाडीचा पाला

वर्ध्याच्या ग्रामोद्योग चळवळीचा विषय निघाला की तेलघाणी, हातकागद, मधमाश्या आणि हातसडीचे तांदूळ यांच्यावर बोलणे होते. माणसांना पालेभाजी खायला लावण्याचा खटाटोपही त्याच काळात, त्याच आवारात झाला. पण तो गांधीजींच्या आहारविषयक छंदांच्या खात्यावर टाकून मोकळे व्हायची आपली रीत आहे. छंदाचा भाग त्यात होताच. तरी त्या खटाटोपातून जे हाती लागले ते आजही उपयोगाचे आहे, असे मला वाटते. शिवारात फुकट उगवणारी भाजी ताटात येत नाही, याचे पहिले कारण अज्ञान नसते. त्या भाजीला मान नसतो, हे असते.

अखिल भारत ग्रामोद्योग संघ डिसेंबर 1934 मध्ये वर्ध्यात स्थापन झाला. श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष होते आणि जे. सी. कुमारप्पा कामाचा गाडा ओढत होते. जमनालाल बजाजांनी आपली संत्र्यांची बाग संघाला दिली, तीच मगनवाडी. गांधीजी 1935 च्या आरंभापासून सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, जाईपर्यंत वर्षभराहून अधिक काळ तिथे राहिले. जीवनसत्त्वांचे शास्त्र तेव्हा नवे होते. ‘व्हिटॅमिन’ या शब्दालाही पंचवीस वर्षे झाली नव्हती आणि कुन्नूरच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅककॅरिसन निरनिराळ्या प्रांतांचा आहार उंदरांना घालून त्यांची वाढ पाहत होते. कच्चा हिरवा पाला रोज थोडा तरी पोटात जावा, हे गांधीजींनी अशा शास्त्रीय वाचनातून उचलले. 1935 च्या नोव्हेंबरात त्यांनी ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिले. खेड्यातला माणूस डाळ-भात किंवा भाकरी आणि भरपूर मिरची यांवर राहतो, आणि वेचण्याच्या श्रमाखेरीज ज्याला काही मोल पडत नाही तो पाला मात्र शहरी चैनीची चीज समजला जातो, अशी त्यांची तक्रार होती. त्याच लेखात ते सांगतात की स्वतःला लागणाऱ्या चार पानांसाठीही ते वर्ध्याच्या बाजारावर अवलंबून होते आणि हे त्यांना लाजिरवाणे वाटत होते. मग आश्रमातल्या छोटेलालजींनी आवारातल्याच गवतातून लुणी, म्हणजे आपली घोळ, उपटून आणली. ती मानवली. पुढे चाकवत आला, तोही मानवला. तरी वाचकांना शिफारस करण्याआधी त्यांनी या पाल्याची वनस्पतिशास्त्रीय ओळख पटवून घेतली.

इथे कोणीही वऱ्हाडी बाई हसेल, आणि तिचे हसणे हाच पहिला आक्षेप आहे. घोळ, चिवळ, तरोटा, कुंजर, काटेमाठ, केना हे सगळे तिला कोणी शिकवावे लागले नव्हते. हिंगणघाटच्या नावाने ओळखला जाणारा कापूस ज्या काळ्या रानात होई, त्याच रानात निंदायला जाणाऱ्या मजूर बाया संध्याकाळी ओच्यात भाजी घेऊनच परतत. पावसाळ्याच्या तोंडाला तरोट्याची कोवळी पाने, पुढे अंबाडी, थंडीत हरभऱ्याचा शेंडा, असे ते पंचांग ठरलेले होते. मग मगनवाडीने शोधले काय? आक्षेप खरा आहे, आणि तो माझा मुद्दा पक्काच करतो. ही भाजी मजुरणीच्या चुलीवर होती म्हणूनच ती बरे चाललेल्या घराच्या ताटात नव्हती. पाहुण्यापुढे तरोटा वाढणे म्हणजे घरात काही नाही याची कबुली. गवतातली घोळ गांधीजींच्या ताटात आली आणि लॅटिन नाव घेऊन इंग्रजी साप्ताहिकात छापली गेली, तेव्हा तिच्या गुणात काही भर पडली नाही, पत वाढली. मात्र ती पत भाजीला मिळाली, भाजी ओळखणाऱ्या बाईला नाही. या प्रयोगातली ही मोठी उणीव मी मानतो.

दुसरा आक्षेप जिभेचा. आश्रमाच्या पंगतीतल्या बिनमसाल्याच्या उकडलेल्या भाज्या आणि कडुलिंबाची चटणी यांची कीर्ती दूरवर गेली होती, आणि ती चवीसाठी नव्हती. मिरचीला शत्रू ठरवून वैदर्भीय माणसाला पाला खायला घालणे हा डावपेच म्हणूनही चुकीचाच होता. लसणाची फोडणी, तुरीची डाळ किंवा ज्वारीच्या कण्या घालूनच इथल्या बायांनी अंबाडीचा आंबटपणा आणि तरोट्याचा कडवटपणा सोसण्याजोगा केला होता. त्या शतकानुशतकांच्या कामाकडे आश्रमाच्या स्वयंपाकघराने पाठ फिरवली. तिथे अस्वाद हे व्रत होते, असे म्हणता येईल. पण व्रत घेतलेल्यांसाठी ठीक असलेली गोष्ट गावासाठी उपाय ठरत नाही.

तिसरा आक्षेप शास्त्राचा आणि तो सर्वांत वजनदार. दुधाचे बरेचसे काम पाला करील, ही त्या वेळची आशा टिकली नाही. बी-12 जीवनसत्त्वाचा शोध 1948 चा. ते पाल्यातून मिळत नाही. घोळीत ऑक्झॅलेटही असते. पण गांधीजी स्वतः या आशेला चिकटून राहिले नाहीत. आगाखान पॅलेसच्या बंदिवासात लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकात त्यांनी बैठे काम करणाऱ्यासाठी दिलेल्या रोजच्या प्रमाणात गाईचे दूध 2 पौंड आहे, पालेभाजी 3 औंस, इतर भाज्या 5 औंस आणि कच्ची भाजी 1 औंस. पाल्याची जागा यात नेमकी ठरली आहे. हे दूध कोणाला परवडणार, हा प्रश्न मात्र उरतोच. कुमारप्पांनी तो दुसऱ्या टोकाने धरला. एक लाख वस्तीला समतोल आहार द्यायचा तर धान्य, डाळी, भाजी, फळे, कापूस यांना किती एकर लागतील याचे कोष्टकच त्यांनी मांडले. खाणाऱ्याला उपदेश करण्यापेक्षा पेरणाऱ्याचा हिशेब बदलावा, ही त्यांची दिशा मला अधिक भरवशाची वाटते. नगदी कापसाच्या जिल्ह्यात राहून हे सुचणे स्वाभाविकच होते.

तो हिशेब बदलला, पण उलट्या बाजूने. मगनवाडीत 1935 मध्ये सोयाबीन शिजवून ताटात वाढण्याचा प्रयोग झाला होता. आज वर्धा जिल्ह्यात कापूस आणि तुरीच्या जोडीला सोयाबीनच दिसते. ते तेलगिरण्यांकडे जाते, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, आणि पिकवणाऱ्याच्या घरी त्याची भाजी क्वचितच होते. निंदणाची मजुरी वाचावी म्हणून त्यावर तणनाशक फवारले जाते, आणि त्यात रुंद पानांचे तण म्हणून घोळ, कुंजर, केना सगळेच जळते. शेतकऱ्याला यात दोष देण्यात अर्थ नाही. मजूर मिळत नाहीत आणि पावसाची उघडीप दोन दिवसांची असते. इकडे कृषी विभाग पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरवतो. तिथे तरोटा आणि चिवळ जुड्या बांधून, नावाच्या पाट्या लावून, शहरातल्या गिऱ्हाइकाला विकली जाते. मान मिळाला आहे. ‘हरिजन’मधली तक्रार मात्र आता जास्तच लागू पडते, कारण जी मजूर बाई हा पाला ओच्यात घरी नेत असे, तिला तो नेण्याजोगे रान कमी उरले आहे.