वी (कादंबरी)

वी : रशियन लेखक येवगेनी झाम्यातिन (१८८४–१९३७) यांनी १९२०–२१ मध्ये लिहिलेली कादंबरी. शीर्षकाचा अर्थ ‘आम्ही’. विसाव्या शतकातील डिस्टोपियन, म्हणजे दुःस्वप्नलोक रंगवणाऱ्या साहित्यातील ही आद्य कृतींपैकी एक मानली जाते. माणसाची ओळख, त्याची स्मृती आणि सत्तेचे त्याच्यावरील नियंत्रण यांचा परस्परसंबंध तीत एका इंजिनिअरच्या रोजनिशीतून उलगडतो.

लेखक व पार्श्वभूमी : झाम्यातिन यांचा जन्म लेबेद्यान या लहान गावी झाला. पीटर्सबर्ग येथे ते नौकाबांधणीचे शास्त्र शिकले. विद्यार्थिदशेत बोल्शेविकांच्या बाजूने चळवळीत उतरल्याने १९०५ मध्ये त्यांना अटक होऊन एकांतकोठडीत ठेवण्यात आले. १९१६–१७ मध्ये रशियासाठी इंग्लंडमध्ये बांधल्या जाणाऱ्या बर्फफोड्या जहाजांवर देखरेख करण्यासाठी ते न्यूकॅसल येथे राहिले. तेथील मध्यमवर्गाच्या घड्याळी शिस्तीची टर त्यांनी ‘आयलंडर्स’ या लघुकादंबरीत उडवली आहे. १९१७ च्या ऑक्टोबर क्रांतीच्या सुमारास मायदेशी परतलेल्या झाम्यातिन यांना १९२२ मध्ये नव्या बोल्शेविक राजवटीनेही अटक केली आणि झारच्या काळात भोगलेल्या त्याच तुरुंगात ठेवले. ‘वी’मधील सत्ता एखाद्याच देशाची वा पक्षाची वाटत नाही, याचे मूळ झारच्या तुरुंगाच्या आणि इंग्लंडमधील घड्याळी शिस्तीच्या अनुभवात शोधता येते.

कथानक : दोनशे वर्षे चाललेल्या युद्धानंतर उरलेली मानवजात ‘एकराज्य’ नावाच्या काचेच्या नगरात राहते. नगराभोवती ‘हिरवी भिंत’ असून तिच्यापलीकडे रान आहे. सर्वोच्च शासकाला ‘उपकारकर्ता’ म्हणतात, गुप्त पोलिसांना ‘रक्षक’. इतर ग्रहांवरील जीवांना ‘सुखाचे जोखड’ घालण्यासाठी ‘इंटिग्रल’ हे अंतराळयान बांधले जात आहे आणि त्याचा मुख्य अभियंता डी-५०३ हा निवेदक आहे. परग्रहवासीयांना एकराज्याची थोरवी कळावी म्हणून तो नोंदी लिहू लागतो. पुस्तकात अशा ४० नोंदी आहेत. आय-३३० या बंडखोर स्त्रीच्या प्रेमात पडल्यावर गुणगानासाठी सुरू केलेल्या वहीत शंका, स्वप्ने आणि मत्सर उतरू लागतात. यान पळवण्याचा बंडखोरांचा बेत फसतो. डी-५०३ वर कल्पनाशक्ती नष्ट करणारी शस्त्रक्रिया होते आणि तो सगळे काही उपकारकर्त्याला सांगून टाकतो.

ओळख : एकराज्यात कोणालाही नाव नाही. प्रत्येक जण एक ‘क्रमांक’ असतो आणि निळसर करड्या गणवेशावर तो क्रमांक मिरवतो. पुरुषांच्या क्रमांकात व्यंजन व विषम संख्या, स्त्रियांच्या क्रमांकात स्वर व सम संख्या अशी पद्धत आहे. राहत्या इमारती काचेच्या असल्याने आडोसा मिळतो तो फक्त शरीरसंबंधासाठी ठरवून दिलेल्या तासाला. त्या वेळी गुलाबी कुपन दाखवून पडदे ओढता येतात. डी-५०३ ला ‘आम्ही’ म्हणण्यात अभिमान वाटतो, ‘मी’ म्हणायची वेळ आली की तो बिचकतो. त्याला सर्वांत लाज वाटते ती स्वतःच्या केसाळ हातांची. भिंतीपलीकडे अंगभर केस असलेली रानटी माणसे अजून जगत आहेत आणि तुझ्या रक्तात त्यांचे दोन-चार थेंब असावेत, असे आय-३३० त्याला सांगते. राज्याने दिलेल्या क्रमांकात न मावणारी ही ओळख त्याच्या अंगावरच उगवलेली असते. गणिती मनाच्या या माणसाला शाळेत असल्यापासून वजा एकच्या वर्गमुळाची धास्ती आहे. हिशेबात न बसणारे जे काही आपल्यात आहे, त्याचे ते चिन्ह ठरते. डॉक्टर त्याच्या व्याधीचे निदान करतात : तुमच्यात आत्मा तयार झाला आहे आणि त्यावर इलाज नाही.

स्मृती : भूतकाळ एकराज्याने पुसलेला नाही, तो प्रदर्शनात मांडला आहे. हिरव्या भिंतीलगतचे ‘प्राचीन घर’ काचेच्या आवरणाखाली जपलेले संग्रहालय असून तेथे जुने फर्निचर, रंगीत भिंती आणि कवी पूश्किनचा पुतळा आहे. जुनी माणसे किती विस्कळीत जगत, हे नव्या पिढीला कळावे हा त्यामागचा हेतू. बंडखोर नेमक्या याच घरात भेटतात आणि रानाकडे जाणारी वाट याच घराखालून निघते. प्राचीन साहित्यातील सर्वश्रेष्ठ ठेवा म्हणून एकराज्यात रेल्वेच्या वेळापत्रकाचे कौतुक होते. जुन्या काळातले काय आठवायचे आणि काय हसण्यावारी न्यायचे, हे राज्यच ठरवते.

स्मृतीची खरी कसोटी मात्र शेवटच्या नोंदीत लागते. शस्त्रक्रियेनंतर डी-५०३ आपलीच वही चाळतो. अक्षर त्याचेच आहे, पण हे सारे आपण लिहिले आणि अनुभवले यावर त्याचा विश्वास बसत नाही. एकही पान फाडलेले नाही, एक ओळही खोडलेली नाही. मग आय-३३० ला ‘गॅसच्या घंटे’खाली तीन वेळा छळले जाते तेव्हा तो उपकारकर्त्याशेजारी बसून ते पाहतो आणि निर्विकारपणे टिपून ठेवतो. तिला पाहूनही तो आता आतून हलत नाही. ती अखेरपर्यंत तोंड उघडत नाही.

नियंत्रण : नियंत्रणाची रोजची यंत्रणा म्हणजे ‘तासांचा तक्ता’. लक्षावधी क्रमांक एकाच मिनिटाला उठतात, एकाच वेळी चमचा तोंडाशी नेतात आणि प्रत्येक घास पन्नास वेळा चावतात. दिवसातले दोन तास तेवढे खासगी असतात आणि तेही कधीतरी तक्त्यात बसतील अशी डी-५०३ ला आशा आहे. कारखान्यातील कामाचा सेकंदासेकंदाचा हिशेब मांडणारे अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर यांना येथे प्राचीनांमधील सर्वांत थोर पुरुष मानले जाते. त्यांची पद्धत कारखान्याबाहेर काढून चोवीस तासांना लावली तर काय होईल, याचा हा वाढवलेला हिशेब आहे.

निवडणुकीला ‘एकमताचा दिवस’ म्हणतात आणि मतदान उघड हात वर करून होते. एका वर्षी हजारो हात विरोधात वर जातात. मैफिलीत कोणी खोकले तर तो खोकला संगीताचा भाग धरायचा का, असा युक्तिवाद करून सरकारी वृत्तपत्र ती मते निकालात काढते. बंड वाढल्यावर मात्र राज्य शेवटचा उपाय योजते : मेंदूतील कल्पनाशक्तीचे केंद्र क्ष-किरणांनी जाळून टाकणारी ‘महाशस्त्रक्रिया’. कल्पनाशक्ती हा रोग आणि शस्त्रक्रिया ही त्यातून सुटका, असा तिचा प्रचार होतो.

प्रभाव : जॉर्ज ऑर्वेल यांनी ‘वी’ फ्रेंच अनुवादातून वाचली आणि जानेवारी १९४६ मध्ये ‘ट्रिब्यून’ साप्ताहिकात तिचे परीक्षण लिहिले. त्यांची ‘नाइन्टीन एटी-फोर’ १९४९ मध्ये आली. ऑल्डस हक्स्ली यांच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’वर (१९३२) ‘वी’चा प्रभाव असावा असे ऑर्वेल यांना वाटले, पण आपण ती आधी वाचली नव्हती, असे हक्स्ली यांनी सांगितले. ऑर्वेल आणि झाम्यातिन यांच्यातील फरक स्मृतीबाबत सर्वांत ठळक आहे. ऑर्वेल यांच्या राज्यात सरकार जुनी वृत्तपत्रे रोज बदलते आणि नायक विन्स्टन स्मिथ मोडून पडेपर्यंत खरे काय ते आठवत राहतो. झाम्यातिन यांच्या राज्यात लिखाण जसेच्या तसे राहते, बदलतो तो वाचणारा. या दृष्टीने ‘वी’तील सत्ता अधिक काटकसरी आणि म्हणूनच अधिक भयावह आहे.

प्रकाशन : सोव्हिएत सेन्सॉरने छपाईला परवानगी नाकारल्याने कादंबरी प्रथम प्रसिद्ध झाली ती ग्रेगरी झिलबुर्ग यांच्या इंग्रजी अनुवादात, १९२४ मध्ये न्यूयॉर्क येथे. १९२७ मध्ये प्राग येथील रशियन निर्वासितांच्या नियतकालिकात काही भाग छापून आला. त्याचे निमित्त करून १९२९ मध्ये झाम्यातिन यांच्याविरुद्ध मोहीम उघडण्यात आली. लेखनाची सारी दारे बंद झाल्यावर त्यांनी १९३१ मध्ये थेट स्टालिन यांना पत्र लिहून देश सोडण्याची परवानगी मागितली. मॅक्सिम गॉर्की यांच्या मध्यस्थीने ती मिळाली. १० मार्च १९३७ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. संपूर्ण रशियन संहिता १९५२ मध्ये न्यूयॉर्क येथे छापली गेली. सोव्हिएत संघातील वाचकांपर्यंत ती अधिकृतपणे पोचायला १९८८ साल उजाडावे लागले.