उज्जैनची वसंतसेना

उज्जैनच्या भैरवगढात काळभैरवाच्या डोक्यावर शिंदेशाही पगडी असते. ती पाहून भाविकांना महादजी आठवतात. मला, सिनेमाच्या वेडापायी, शिंद्यांच्या या गावात आठवते ती वनमाला! १९१५ साली ती उज्जैनलाच पवारांच्या घरात जन्मली.

गोव्यात तिचं नाव काढलं की लोक 'श्यामची आई' (१९५३) म्हणतात. चित्रपट थोरच. १९५४ साली पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्यालाच मिळालं. पण मला अधिक आवडते ती सोहराब मोदींच्या 'सिकंदर'मधली (१९४१) रुखसाना. पृथ्वीराज कपूरसमोर उभं राहायचं म्हणजे खायचं काम नव्हतं! त्याच वर्षीच्या अत्र्यांच्या 'पायाची दासी'त ती सासुरवाशीण झाली. कौटुंबिक रडारड मला फारशी रुचत नाही. तिथे भाव खाऊन जाते ती दुर्गाबाई खोट्यांची सासूच.

आणि १९४२ची 'वसंतसेना'? देवलांच्या 'मृच्छकटिका'वर पोसलेल्या आपल्या गोंयकारांना कथा सांगायला नको. ती घडते उज्जयिनीतच. म्हणजे उज्जैनच्या मुलीने उज्जयिनीची गणिका साकारली. आज वसंतसेना म्हटलं की 'उत्सव'मधली (१९८४) रेखाच डोळ्यांपुढे येते. वनमाला २००७ साली ग्वाल्हेरला वारली. आपल्या लेखी ती श्यामची आईच राहिली.