स्त्रीनाटककार व नाट्यवाचन

नवे नाटक रंगभूमीवर येण्यापूर्वी त्याची संहिता निवडक श्रोत्यांपुढे वाचून तीवर चर्चा करण्याची प्रथा जुनी आहे. संगीत नाटकमंडळ्यांच्या काळात नाटककार मंडळीच्या बिऱ्हाडी जाऊन मालक, प्रमुख नट आणि तालीममास्तर यांच्यासमोर आपले नाटक वाचीत असे. प्रवेश लांबला, एखादे पद नटाच्या गळ्याला मानवले नाही, की दुरुस्ती सुचविली जाई. नाटक पसंत पडल्यास तालमी सुरू होत. कुलीन स्त्रीला या बैठकीत जाणे शक्य नव्हते. त्यामुळे स्त्रियांनी लिहिलेल्या मराठी नाटकांचा इतिहास पाहताना लेखनाच्या उणिवेपेक्षा या पहिल्या श्रोतृवर्गाच्या अभावाचा विचार अधिक करावा लागतो.

स्त्रियांना एकमेकींच्या साक्षीने रचना करण्याची सवय नव्हती, असे मात्र नाही. पुणे जिल्ह्याच्या मावळ व मुळशी भागांत आणि पुढे महाराष्ट्रात अन्यत्र हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी १९८० नंतर जात्यावरच्या ओव्यांचे जे संकलन घडवून आणले, त्यातील ओव्यांची संख्या लाखाच्या वर गेली. एकीने ओळ धरावी, दुसरीने ती उचलावी, पटली तर ठेवावी, नाही तर बदलावी, असा हा व्यवहार असे. मंगळागौरीच्या खेळांत तर सासू-सून, सवती-सवती यांचे तंटे संवादरूपानेच रंगतात. लोकपरंपरेतील या नाट्याकडे तारा भवाळकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. मात्र या रचनेला कर्तीचे नाव नव्हते आणि माजघराबाहेर तिला प्रेक्षकही नव्हता.

नाव लावून नाटक लिहिणाऱ्या आरंभीच्या स्त्रियांत सोनाबाई केरकर (‘छत्रपती संभाजी’, १८९६) यांचा उल्लेख येतो. त्यानंतरचे महत्त्वाचे नाव हिराबाई पेडणेकर (१८८५–१९५१) यांचे. सावंतवाडीला जन्मलेल्या हिराबाई कलावंतीण समाजातील असल्याने मुंबईत गिरगावातील त्यांच्या घरी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांसारख्या नाटककारांचे जाणेयेणे असे. पांढरपेशा गृहिणीला न मिळणारी वाङ्‌मयीन चर्चा त्यांना घरबसल्या मिळाली, आणि तीच गोष्ट त्यांच्या प्रतिष्ठेच्या आड आली. ‘जयद्रथ विडंबन’ (१९०४) नंतर त्यांचे ‘संगीत दामिनी’ केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीने १९१२ च्या सुमारास रंगभूमीवर आणले. व्यावसायिक मंडळीने स्त्रीचे नाटक स्वीकारल्याची ही फार मोठी घटना होती. तथापि नाटककार म्हणून पुढे त्यांची वाटचाल झाली नाही. आयुष्याचा उत्तरार्ध त्यांनी गुहागरजवळच्या पालशेत येथे काढला. वसंत कानेटकर यांच्या ‘कस्तुरीमृग’ (१९७६) या नाटकामागे त्यांचेच चरित्र आहे. त्यांच्या स्वतःच्या नाटकांपेक्षा त्यांच्यावरचे नाटक अधिक लोकांना ठाऊक असावे, ही गोष्ट बोलकी आहे.

गिरिजाबाई केळकर (१८८६–१९८०) यांचा मार्ग वेगळा. विवाहानंतर जळगावला स्थायिक झाल्यावर त्यांनी तेथे भगिनी मंडळ स्थापन केले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘बायकांचे बंड’ (१९०७) हे प्रमिलेच्या स्त्रीराज्याच्या कथेवरील नाटक तेव्हा गाजत होते. अर्जुनापुढे ते राज्य अखेर नमते. त्याला उत्तर म्हणून गिरिजाबाईंनी ‘पुरुषांचे बंड’ लिहिले. एका नाटकाची चिकित्सा दुसऱ्या नाटकाने करण्याचा हा प्रकार मराठीत तोवर स्त्रीकडून झालेला नव्हता. पुढे ‘आयेशा’, ‘राजकुंवर’, ‘हीच मुलीची आई’ ही नाटके त्यांनी लिहिली. १९२८ मध्ये मुंबईच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. गिरिजाबाईंची नाटके आज फारशी वाचली जात नाहीत. त्यांतील बोधवादी भाषा जुनी झाली हे खरे. पण जिल्ह्याच्या गावी बायकांनी बायकांसाठी उभारलेल्या मंडळातून आलेली लेखिका संमेलनाच्या व्यासपीठापर्यंत पोहोचली, याची नोंद वाङ्‌मयेतिहासांनी जितक्या ठळकपणे घ्यावयास हवी होती तितकी घेतलेली नाही.

नाटकाचा हा प्रश्न कथा-कादंबरीहून निराळा आहे. ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) प्रसिद्ध झाले, तेव्हा मालतीबाई बेडेकरांना विभावरी शिरूरकर या टोपणनावाचा आडोसा घेता आला. नाटककाराला मात्र स्वतःच्या आवाजात वाचावे लागते आणि आक्षेप समोरासमोर ऐकावे लागतात. त्याच वर्षी नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्ना भोळे, पद्मावती वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या. नटीला वाट मोकळी झाली, पण लेखिकेसाठी ती अरुंदच राहिली. ‘शारदा’ (१८९९) पासून ‘कुलवधू’ (१९४२) पर्यंत स्त्रीचे प्रश्न रंगभूमीवर गाजले ते पुरुषांच्या लेखणीतून. मुक्ताबाई दीक्षित यांच्या ‘जुगार’ सारखे अपवाद थोडे. १९५४ मध्ये सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेने हौशी संस्थांना नव्या संहितांची गरज निर्माण करून दिली आणि महिला मंडळांच्या स्नेहसंमेलनांना केवळ स्त्रीभूमिकांच्या एकांकिका लागत. या मागणीतून पुष्कळ लेखन झाले. त्यातील बरेचसे एका प्रयोगापुरते होते, छापलेही गेले नाही, आणि पुढच्या पिढीच्या लेखिकेला ते उपलब्ध राहिले नाही.

१९७५ मध्ये मुंबईत स्त्रीमुक्ती संघटना स्थापन झाली. तिच्यासाठी ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलेले ‘मुलगी झाली हो’ (१९८३) वस्त्यांत, गावांत, मिळेल त्या जागेवर सादर झाले. गाणी व छोटे प्रसंग यांची ही सैल रचना असल्याने तीत भर घालणे सोपे होते. येथे चर्चेची जागाच बदलली. जी पूर्वी प्रयोगाआधी मंडळीच्या बिऱ्हाडी होई, ती आता प्रयोगानंतर प्रेक्षक स्त्रियांशी होऊ लागली. सुषमा देशपांडे यांच्या ‘व्हय, मी सावित्रीबाई’ (१९८९) या एकपात्री प्रयोगानेही नाट्यगृहाची अट मानली नाही. अशा नाटकांना प्रचारकी म्हणून बाजूला सारण्याची समीक्षकांची प्रवृत्ती दिसते. ती पूर्णतः अनाठायी नाही; तरीही ‘शारदा’ला जो न्याय लावला, तो येथे का लावू नये, हे त्यांनी सांगितलेले नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून अभिवाचन हा स्वतंत्र प्रयोगप्रकार रूढ झाला आणि नाट्यलेखनाच्या कार्यशाळाही भरू लागल्या. इरावती कर्णिक, मनस्विनी लता रवींद्र (‘अमर फोटो स्टुडिओ’, २०१६) यांच्या पिढीला स्त्री-पुरुषांच्या एकत्र बैठकीत कच्ची संहिता वाचणे अवघड वाटत नाही. पुणे व मुंबई यांबाहेर ही सोय विरळ आहे. दोन्ही नाट्यकेंद्रांच्या मधल्या लोहमार्गावर असलेल्या मावळात तळेगाव दाभाडे येथील कलापिनीसारखी हौशी संस्था नाट्यप्रेम टिकवून आहे. अभिवाचनाला नेपथ्य, प्रकाशयोजना वा भाड्याचे नाट्यगृह लागत नाही. वाचनालयाची खोली आणि दहाबारा श्रोते पुरतात. अडचण निराळीच येते. परिचितांच्या मंडळात लेखिकेला कौतुक भरपूर मिळते, पण तिसरा प्रवेश का पडतो, हे सांगणारा श्रोता क्वचित भेटतो. जुन्या मंडळीतला तालीममास्तर ते तोंडावर सांगत असे.