'चेक इंजिन'चा दिवा लागला म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलावाच लागतो का?

डॅशबोर्डवर 'चेक इंजिन'चा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला की 'पी०४२०' कोड दिसतो आणि लगेच सांगितलं जातं, "कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला, बदलावा लागेल." नवा कन्व्हर्टर म्हणजे मोठा खर्च. पण हा कोड फक्त एवढंच सांगतो की कन्व्हर्टरचं काम कमी पडतंय. का कमी पडतंय, हे शोधणं बाकी असतं.

कन्व्हर्टर नेमकं काय करतो?

इंजिनमधून निघणारा धूर कन्व्हर्टरमधल्या मधाच्या पोळ्यासारख्या जाळीतून जातो. पेट्रोल गाडीत या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा थर असतो. त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांचं रूपांतर कमी घातक वायूंमध्ये होतं. भारतात १९९५ मध्ये चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल कारसाठी तो सक्तीचा झाला.

बिघाड कसा ओळखायचा?

- पिकअप कमी होणं, चढावर गाडी दमणं: कन्व्हर्टर चोक झालेला असू शकतो.
- गाडीखालून खडखड आवाज: आतली जाळी फुटलेली असू शकते.
- सडक्या अंड्यांसारखा वास येणं किंवा पीयूसी चाचणीत नापास होणं.

मेकॅनिककडून काय तपासून घ्यायचं?

कन्व्हर्टरच्या आधी आणि नंतर एकेक ऑक्सिजन सेन्सर असतो. इंजिन गरम झाल्यावर पुढच्या सेन्सरचं रीडिंग सतत बदलतं, मागच्याचं बऱ्यापैकी स्थिर राहायला हवं. मागचंही तसंच वरखाली होत असेल, तर कन्व्हर्टरवर संशय घ्यायला जागा आहे. पण त्याआधी एक्झॉस्ट पाइपमधली गळती आणि सेन्सर तपासायला हवेत, कारण त्यांच्या दोषामुळेही हाच कोड येऊ शकतो. कन्व्हर्टर चोक झालाय का, हे बॅकप्रेशर मोजून कळतं.

मूळ कारण कुठे असतं?

बहुतेक वेळा इंजिनमध्ये. स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल खराब असेल तर गाडी मिसिंग करते. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि त्या उष्णतेने जाळी वितळते. म्हणून 'चेक इंजिन'चा दिवा लुकलुकत असेल, तर गाडी दामटू नका. इंजिन ऑइल खात असेल किंवा कूलंट आत गळत असेल, तरी जाळीवर थर बसतो.

दुरुस्ती होते का?

फुटलेली किंवा वितळलेली जाळी दुरुस्त होत नाही, कन्व्हर्टर बदलावाच लागतो. मात्र आधी मूळ दोष काढा, नाहीतर नवाही जाईल. गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. जुना कन्व्हर्टर मागून घ्या, कारण त्यातल्या धातूंमुळे त्याला भंगारातही चांगला भाव येतो.

"जाळी काढून टाकू, पिकअप वाढेल," असा सल्ला मिळाला तर सरळ नकार द्या. विषारी धूर थेट हवेत जाईल. शिवाय वैध पीयूसी नसेल, तर १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.