वाचून दाखवलं होतं का?

निपाणीजवळच्या स्तवनिधीला आपण सगळ्याच जणी गेलेल्या असतो. 1899 मध्ये तिथेच दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली, हेही बहुतेकींना ठाऊक असतं. त्याच वर्षी करार कायद्याचं सोळावं कलम नव्यानं लिहिलं गेलं, हे मात्र कुणी सांगत नाही. वय, आजार किंवा मनाचा-शरीराचा त्रास यांमुळे जिची समज खचली आहे, तिच्याशी व्यवहार करणाऱ्याची तिच्यावर हुकमत चालते असं धरायचं, असं ते कलम म्हणतं. आणि तो व्यवहार वरवर पाहताच अन्यायाचा दिसला, तर दबाव टाकला नव्हता हे त्यानंच सिद्ध करायचं. म्हातारीनं नव्हे.

पडद्यातल्या बायकांच्या खटल्यांमध्ये न्यायाधीश एक प्रश्न हमखास विचारत: कागद तिला वाचून दाखवला होता का, आणि तिला तो कळला होता का? आपल्या आज्या काही पडद्यात नव्हत्या. तंबाखूच्या रानात राबत होत्या. पण हीच कसोटी पुढं निरक्षर, वृद्ध, आजारी माणसांनाही लागू झाली. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं शंभरी ओलांडलेल्या, पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेल्या एका माणसाच्या अंगठ्याचा दस्त आला होता. तो खरा आहे हे सिद्ध करायचं ओझं न्यायालयानं ज्याला मिळकत मिळाली त्याच्यावरच टाकलं.

पण त्या आज्यांच्या काळी त्यांच्याकडून काढून घेण्यासारखं होतं तरी काय? विधवेला नवऱ्याच्या मिळकतीवर फक्त हयातीपुरता हक्क असे. गरज सिद्ध झाल्याशिवाय विकता येत नसे, आणि तिच्यामागं ते सगळं नवऱ्याच्या वारसांकडं जाई. 1937 च्या कायद्यानं हिस्सा दिला, पण तोही मर्यादितच. जैनांची रूढी वेगळी आहे, असं आपले लोक अभिमानानं सांगतात. ते खोटं नाही. 1878 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं दाखो नावाच्या उत्तरेकडच्या अगरवाल जैन विधवेचा, पतीच्या परवानगीशिवाय दत्तक घेण्याचा हक्क मान्य केला होता. मात्र अशी रूढी कोर्टात पुराव्यानं शाबीत करावी लागे. नाही झाली तर हिंदू कायदाच लागू. ते जमणार किती जणींना!

त्या काळात बाईला लुबाडायची वाट दत्तकातून जाई. ‘आमचा पोरगा घे’ म्हणून नात्यातली माणसं मागं लागत. एकदा का दत्तक झालं की मिळकत त्या मुलाची, आणि बाई पोटगीची धनीण.

17 जून 1956 रोजी हिंदू वारसा कायदा लागू झाला. तो जैनांनाही लागू होता. त्याच्या चौदाव्या कलमानं बाईच्या ताब्यातली मिळकत पुरतेपणी तिची झाली. त्याच वर्षीच्या दत्तक कायद्यानं, दत्तक घेतल्यानं बाईची मिळकत जाणार नाही, असंही ठरवलं. माझ्या मते खरा पेच इथून सुरू होतो. मालकी आली तशी बाईच्या सहीला किंमत आली, आणि सही मागणारे दारात आले.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट घडली. जूनमध्ये मालकी मिळाली आणि 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. हळूहळू उतारे, दस्त, नोटिसा कानडीत आल्या. हा भाषेचा झगडा मला इथं उकरायचा नाही. पण मराठी चौथी शिकलेल्या बाईनं स्वतःच्या जमिनीचा कागद वाचायचा कसा, हा प्रश्न कुठल्याच बाजूच्या भाषणात मी ऐकला नाही. तिला कागद वाचून दाखवणारा बहुधा तोच, ज्याच्या नावे तो होणार. सब-रजिस्ट्रार विचारतो, सही तुमचीच ना? त्याला ‘हो’ म्हटलं की झालं.

मुलींना 1994 मध्ये कर्नाटकानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. साऱ्या देशात तो 2005 मध्ये आला. त्याबरोबर हक्कसोडपत्रंही वाढली. माहेर तुटू नये म्हणून साडीचोळीवर सही! आमच्या नात्यातल्या एका काकींनी तर भावाची सोडली, पुढं मुलाच्या नावे बक्षीसपत्रही केलं. ‘माझंच लेकरू, त्याला काय अटी घालायच्या?’ म्हणाल्या.

ती अटच तर महत्त्वाची. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं तेविसावं कलम सांगतं, की सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळ झाला नाही, तर तो दस्त फसवणुकीचा किंवा दबावाचा धरून रद्द करता येतो. वय साठ पूर्ण हवं, आणि दस्त हा कायदा लागू झाल्यानंतरचा हवा. 2022 मध्ये गुरुग्रामच्या एका आईनं मुलींच्या नावे केलेलं सोडपत्र सर्वोच्च न्यायालयात टिकलं, कारण सांभाळाची अट त्यात नव्हती आणि अर्जातही तसं म्हटलेलं नव्हतं. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या दुसऱ्या आईला मात्र घर परत मिळालं. बक्षीसपत्राच्याच दिवशी मुलानं ‘सांभाळीन’ असं वचनपत्र लिहून दिल्याचं तिनं दाखवलं. मुलगा ते बनावट म्हणत होता. न्यायालयानं दोन्ही कागद एकत्र वाचले. हा कायदा म्हाताऱ्यांसाठी आहे, तो त्यांच्या बाजूनं उदारपणे वाचावा, असं म्हटलं आणि ताबाही परत द्यायला लावला.

म्हणजे एका आईकडं एक ओळ होती, दुसरीकडं नव्हती. ‘हयातभर माझा सांभाळ व औषधपाणी करण्याच्या अटीवर’, एवढीच. मुलावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं म्हणतात. मला नाही पटत. सोनं मोडायला नेताना आपण सोनाराकडून वजनाची चिठ्ठी घेतोच की.

दस्त झालाच असेल, तर अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडं करायचा. निपाणीकरांना त्यासाठी चिकोडी. वकील असलाच पाहिजे असं नाही. आईला जाववत नसेल, तर पोटगीचा अर्ज तिनं नेमलेलं माणूस किंवा संस्थाही करू शकते. आणि दस्त अजून व्हायचा असेल नि ती अंथरुणाला असेल, तर कारण दाखवून अधिकाऱ्याला घरी बोलावता येतं. तो आला की मुलाला, सुनेला, जावयाला पाच मिनिटं बाहेर ओसरीवर बसवावं, आणि ज्याला त्या मिळकतीतलं काहीच मिळणार नाही अशा कुणाकडून तो कानडी कागद तिला मराठीत वाचून घ्यावा.