पक्षाघातोत्तर थकवा

पक्षाघाताच्या झटक्यानंतर महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे टिकणारा आणि झोप वा विश्रांती घेऊनही पुरता न जाणारा थकवा. जगभरातल्या पाहण्या एकत्र मांडल्या तर झटक्यातून वाचलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना तो जाणवतो. झटका किती मोठा होता यावर त्याची तीव्रता ठरत नाही. हातपाय चालू लागलेला, बोलणे स्वच्छ झालेला माणूसही आंघोळ-दाढी उरकली की पुन्हा आडवा होतो. घरच्यांना तो बरा झालेला दिसतो, म्हणून 'जरा मनावर घ्या' असे सांगणे सुरू होते. रुग्णाचे सर्वात मोठे नुकसान याच सल्ल्याने होते, कारण हा थकवा मनाच्या निर्धाराने हटत नाही. नैराश्य पुष्कळदा त्याच्या जोडीला असते. पण नैराश्य मुळीच नसलेल्यांनाही तो येतो.

कारणांचा उलगडा अपुरा आहे. लंडनमधील अन्नपूर्णा कुप्पुस्वामी आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात एक निरीक्षण मांडले: जास्त थकवा असलेल्यांत स्नायूंना आज्ञा देणारा मेंदूचा भाग सहजी उत्तेजित होत नाही. त्यामुळे हलके कामही जड वाटत असावे. मोजमापासाठी १९८९ मधील 'फटीग सिव्हिअरिटी स्केल' ही प्रश्नावली वापरतात. तीत नऊ विधाने असून प्रत्येकाला १ ते ७ गुण असतात. सरासरी ४ वा अधिक आली तर थकवा लक्षणीय मानण्याचा प्रघात आहे.

थकव्यात भर घालणारी आणि उपचार करता येण्याजोगी कारणे मात्र हुडकावीच लागतात: रक्तक्षय, थायरॉइडची कमतरता, मधुमेह, दुखणारा खांदा, घोरताना श्वास अडकणे, शिवाय रक्तदाबाची, फिट्सची किंवा स्नायूंचा ताठरपणा उतरवणारी काही औषधे. मध्य प्रदेशातील जबलपूरच्या बाबतीत या यादीत सिकलसेल या रक्तविकाराची भर पडते. तिथल्या नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयात मंडला, दिंडोरी, बालाघाट, सिवनीकडून रुग्ण येतात. त्या पट्ट्यातल्या गोंड आणि इतर आदिवासी समाजांत सिकलसेल आढळतो; त्यातून रक्तक्षय होतो आणि लहान वयात पक्षाघातही होऊ शकतो. शहरातलीच राष्ट्रीय जनजाती स्वास्थ्य संशोधन संस्था (स्थापना १९८४) या विकारावर काम करते. अशा भागातल्या रुग्णाचे हिमोग्लोबिन न पाहता त्याच्या थकव्याचे खापर झटक्यावर फोडणे चुकीचे ठरेल. फेरतपासणीसाठी लांबचा बसप्रवास करून आलेला रुग्ण तपासणीच्या टेबलावर निपचित पडलेला दिसतो. त्यामुळे एरवी घरी दिवस कसा जातो, हे सोबत आलेल्याला विचारलेले बरे.

थकव्यावर हमखास औषध नाही. ऑस्ट्रेलियात ३६ जणांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोडॅफिनिलने आराम दिसला, पण एवढ्या लहान चाचणीवर सर्रास वापर करता येत नाही. नेदरलँड्समध्ये विचार-वर्तनाच्या उपचाराला टप्प्याटप्प्याने वाढवत नेलेल्या व्यायामाची जोड दिल्यावर, निव्वळ विचार-वर्तनाच्या उपचारापेक्षा अधिक फायदा झाला (२०१२). दिवस वाटून घेणे हा घरात सर्वात सोपा उपाय. अवघड काम ताज्या वेळेत करावे, दोन कामांच्या मध्ये ठरवून पडावे आणि बरे वाटले म्हणून एका दिवसात सगळे उरकू नये. तसे केल्यास पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. जबलपूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, तेव्हा फिरणे पहाटेच व्हायला हवे. समाचाराला येणाऱ्यांची रीघ हाही शिणवटाच असतो. संभाषण, टीव्ही आणि दोघांचे एकदम बोलणे यांनी मेंदू चालण्याइतकाच दमतो, तेव्हा भेटीची वेळ कुटुंबानेच आखून द्यावी.

शहरातल्या गन कॅरिज फॅक्टरी किंवा खमरिया आयुध निर्माणीसारख्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्याला पुन्हा रुजू होताना आधी अर्धा दिवस आणि रात्रपाळीतून सूट मिळणे आवश्यक असते. वैद्यकीय प्रमाणपत्रात हातापायाच्या ताकदीबरोबर थकव्याचाही उल्लेख डॉक्टरांकडून मागून घ्यावा.

मात्र थकव्यासोबत अचानक तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे किंवा हात लुळा पडणे हा नवा झटका समजून, विश्रांतीची वाट न पाहता, ताबडतोब रुग्णालय गाठावे.